जुनं शहर, नव्या विटा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, ‘सर, थीसिअसच्या जहाजाचा प्रश्न पुस्तकाबाहेर कुठे भेटतो का?’ भेटतो. मला तो पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात भेटला.

आमच्याकडे जेमतेम दीड दिवस होता. पाच संग्रहालयांमागे धावण्यापेक्षा फक्त जुनं शहर पायी हिंडायचं ठरवलं. फरसबंदीच्या गल्ल्या, रंगीत घरं, मधोमध बाजारचौक. सौ. म्हणाल्या, ‘अहो, किती शतकांची असतील ही घरं?’ आता गंमत बघा. माझा जन्म १९५० चा, आणि हा चौक पुन्हा बांधून खुला झाला १९५३ मध्ये. म्हणजे ही घरं माझ्याहून तरुण!

१९४४ च्या ऑगस्टमध्ये वॉर्साने नाझी सत्तेविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवसांनी चिरडला गेला आणि मग शहर ठरवून जमीनदोस्त केलं गेलं. ऐतिहासिक भागातलं ८५ टक्क्यांहून अधिक नष्ट झालं. लोकांनी ते पुन्हा उभारलं. लपवून वाचवलेले नकाशे आणि मोजमापं कामी आली, अठराव्या शतकातल्या बेर्नार्दो बेलोत्तोची शहरचित्रं कामी आली, ढिगाऱ्यातल्या विटासुद्धा कामी आल्या. १९८० मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारसा मानलं, तेही पुनर्बांधणीचं असामान्य उदाहरण म्हणून.

मग हे शहर खरं की नक्कल? थीसिअसच्या जहाजाची एकेक फळी बदलली, पण जहाज मध्ये कधी नाहीसं झालं नाही. इथे तर सगळंच एकदम गेलं. तरी सातत्य उरलं. ते विटांमध्ये नव्हतं, माणसांच्या आठवणीत आणि निश्चयात होतं. राजवाड्यासमोर राजा झिगमुंट तिसरा याचा पुतळा आहे. मूळ स्तंभ १६४४ चा. आज पुतळ्याखाली आहे तो तिसरा खांब. आधीचे दोन राजवाड्याच्या बाजूला आडवे ठेवलेत. ते जरूर बघा. त्या शहराने आपल्या जखमा झाकलेल्या नाहीत.

इथेच थांबलो असतो, तर मी समाधानाने परतलो असतो. पण तिथून चालत जाण्याच्या अंतरावर मुरानुफ ही वस्ती आहे. युद्धापूर्वी तिथे प्रामुख्याने ज्यू राहत. नाझींनी तिथे घेट्टो केला, माणसं मारली आणि १९४३ मध्ये तो भाग उद्ध्वस्त केला. युद्धानंतर त्या ढिगाऱ्यावरच नवी घरं उभी राहिली. जुन्या गल्ल्या कुणी पुन्हा बांधल्या नाहीत. ज्यांना त्या आठवत होत्या, त्यातले बहुतेक उरलेच नव्हते.

म्हणून मी सांगेन, दीड दिवस असला तरी दोन्ही बघा. सकाळी बाजारचौक, दुपारी मुरानुफ. आठवण शहर पुन्हा उभं करू शकते, हे पहिल्या जागी कळतं. आठवणारा माणूसच गेला तर काय होतं, हे दुसऱ्या.