लहरींची सनद
लेखांक पाचवा

गेल्या लेखांकात आपण तारेने येणाऱ्या सेवेचा विचार केला, आणि विरळ वस्तीच्या डोंगराळ मुलखात ती तार नेण्याचा खर्च पाहून नफ्यावर चालणारी कोणतीही कंपनी वाटेतूनच माघारी का फिरते, हेही पाहिले. आजचा विषय तारेचा नसून लहरींचा आहे. अवकाशातून जाणाऱ्या या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांना कुंपणही घालता येत नाही. तरीही कोणत्या प्रदेशात, कोणत्या कंप्रतेच्या पट्ट्यावर कोणी प्रक्षेपण करावे याची सनद सरकार देते, आणि सनदेवाचून केलेले प्रक्षेपण बेकायदा ठरते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मूलनिवासी राष्ट्रांच्या भूमीवरील लहरींची सनद कोणाच्या नावाने निघावी, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत ऐरणीवर आला. दुर्गम वस्त्यांपर्यंत वेगवान इंटरनेट कसे पोहोचते आणि कसे अडते, हे त्या प्रश्नाच्या इतिहासातून जितके स्पष्ट दिसते, तितके यंत्रसामग्रीच्या कोणत्याही वर्णनातून दिसत नाही.

या हकीकतीच्या मध्यभागी २.५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे. सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची ही लहर झाडोऱ्यातून आणि घरांच्या भिंतींतून बऱ्यापैकी पार होते, मैलोगणती पल्ला गाठते आणि शिवाय पुष्कळ माहिती वाहून नेते. म्हणून पांगलेल्या वस्तीला ती विशेष सोयीची. १९६३ साली अमेरिकन सरकारने हा पट्टा शैक्षणिक दूरचित्रवाणीसाठी राखून ठेवला आणि शाळा, विद्यापीठे व धर्मसंस्था यांना त्याचे परवाने दिले. अर्ज करण्याइतकी साधने ज्यांच्यापाशी होती अशा संस्था बहुतांशी शहरांच्या आसपासच्याच असल्यामुळे परवानेही तिकडेच गेले. पुढे १९९५ साली नवे परवाने देणे थांबले, आणि देशाच्या पश्चिम भागातील फार मोठ्या ग्रामीण प्रदेशावर हा पट्टा दोन तपांहून अधिक काळ विनावापर पडून राहिला. ज्यांच्या भूमीवरून त्या लहरी जाऊ शकत होत्या, त्या लोकांना त्या वापरण्याचा अधिकार नव्हता, आणि इतर कोणाला तेथे त्या वापरण्याची निकड नव्हती.

ॲरिझोना राज्यातील सुपाई हे गाव या स्थितीचे बोलके उदाहरण होय. हवासुपाई लोकांचे हे गाव ग्रँड कॅन्यनच्या एका उपदरीच्या तळाशी वसले आहे. मोटाररस्ता जेथे संपतो त्या कड्यापासून ८ मैलांची पायवाट उतरून किंवा हेलिकॉप्टरनेच तेथे जाता येते, आणि गावची टपाल आजही खेचरांच्या पाठीवरून येते. गावात माध्यमिक शिक्षणाची सोय नसल्यामुळे मुलांना कोवळ्या वयात घर सोडून दूरच्या निवासी शाळांत जावे लागते. २०१८ साली हवासुपाईंच्या कौन्सिलने म्यूरलनेट या छोट्या सेवाभावी संस्थेच्या साहाय्याने याच पडीक पट्ट्यावर प्रक्षेपण करण्याची तात्पुरती परवानगी मिळवली, आणि अल्प खर्चात, अल्पावधीतच गावाचे स्वतःचे जाळे उभे राहिले. यंत्रे बाजारात मिळत होती, ती बसवू शकणारे हातही होते. आजवर अडले होते ते केवळ एका सरकारी कागदासाठी.

अशा गावांतील सेवेचा अभाव इतकी वर्षे सरकारच्या नजरेस का आला नाही, याचे एक कारण सरकारी दफ्तरातील नोंदींत सापडते. संघराज्याच्या दळणवळण आयोगाकडे कंपन्या जी माहिती पाठवीत, तिच्यात जनगणनेच्या एखाद्या गटातील एका घराला जरी सेवा देणे शक्य असले, तरी तो संपूर्ण गट सेवायुक्त म्हणून नोंदला जाई. शहरात असा गट म्हणजे घरांची एखादी ओळ असते, परंतु मूलनिवासींच्या विरळ प्रदेशात तोच गट कित्येक मैल पसरलेला असतो. परिणामी, जेथे प्रत्यक्षात काही नव्हते तेथे नकाशावर सर्व काही आहे असे दिसू लागले, आणि जेथे अभाव नाही तेथे अनुदानाची तजवीज कशाला, असा निष्कर्ष त्या नकाशावरून निघत गेला. काँग्रेसच्या हिशेबतपासणी कार्यालयाने सप्टेंबर २०१८ च्या अहवालात हा दोष दाखवून दिला आणि मूलनिवासी भूमीवरील सेवेचे चित्र वास्तवापेक्षा फुगवलेले आहे, असे नमूद केले.

पुढील वर्षी, म्हणजे जुलै २०१९ मध्ये, आयोगाने या पट्ट्यावरील शैक्षणिक बंधन काढून टाकले आणि उरलेल्या लहरींचा लिलाव पुकारण्याआधी ग्रामीण भागांतील मूलनिवासी राष्ट्रांना आपापल्या भूमीपुरते परवाने विनामूल्य मागण्याची संधी दिली. अर्जांची मुदत ३ फेब्रुवारी २०२० रोजी सुरू झाली, आणि अवघ्या काही आठवड्यांत कोविडच्या महासाथीने तो देश ग्रासला. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर पसरलेल्या नवाहो राष्ट्रात त्या मे महिन्यात दरडोई संसर्गाचे प्रमाण न्यूयॉर्कहूनही अधिक झाले. शाळा बंद पडल्या, शिक्षण इंटरनेटवर गेले, आणि ज्या घरांत इंटरनेटच काय, पण वीजही नव्हती, तेथील मुलांसाठी शिक्षणाचे दार मिटले. अशा काळात टाळेबंदीतील कचेऱ्यांनी तांत्रिक नकाशे जोडून अर्ज सिद्ध करायचे होते. अनेक राष्ट्रांनी मुदत बरीच वाढवून मागितली. मिळाले ते ३० दिवस. तरीही २ सप्टेंबरपर्यंत ४०० हून अधिक अर्ज दाखल झाले, आणि त्या वेळी संघराज्याने मान्य केलेल्या राष्ट्रांची एकूण संख्या ५७४ होती हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. संधी दिली तरी हे लोक तिचा उपयोग करणार नाहीत, असे मानणाऱ्यांना याहून चोख उत्तर दुसरे नव्हते.

परंतु सनद मिळाली म्हणजे सेवा मिळाली, असे होत नाही. गावातील मनोरा घराघरांना जोडतो. त्या मनोऱ्याला बाहेरच्या जगाशी जोडणारी वाट निराळीच लागते, आणि ती नसेल तर धरणाचा कालवा गावापर्यंत न आणता शेतोशेती पाट खोदून ठेवावेत तशी गत होते. डोंगरमाथ्यावर वीज हवी, मनोरा राखणारी शिकलेली माणसे हवीत, आणि संघराज्याने विश्वस्त म्हणून धारण केलेल्या जमिनीतून तार नेण्यासाठी एकाहून अधिक खात्यांची संमती हवी. दक्षिण कॅलिफोर्नियातील मूलनिवासी राष्ट्रांनी याचा धडा फार आधी घालून दिला होता. २००१ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या अनुदानातून त्यांनी उभारलेल्या ‘ट्रायबल डिजिटल व्हिलेज’ या जाळ्याला सॅन दिएगो येथील विद्यापीठाचे तांत्रिक साहाय्य लाभले, शिखरांवरील मनोरे सूर्यशक्तीवर चालवले गेले, आणि ते चालते ठेवण्याचे काम त्या समाजातीलच माणसांनी शिकून घेतले. अनुदान संपल्यावरही ते जाळे टिकले, याचे श्रेय या शेवटच्या गोष्टीला आहे. महासाथीने डोळे उघडल्यावर काँग्रेसने मूलनिवासी भूमीवरील जोडणीसाठी डिसेंबर २०२० मध्ये १०० कोटी डॉलर्सची आणि पुढल्या नोव्हेंबरात आणखी २०० कोटी डॉलर्सची तरतूद केली; सनदेला द्रव्यबळाची जोड मिळाली ती अशी उशिरा.

उरलेल्या लहरींचा लिलाव २०२२ च्या उन्हाळ्यात झाला आणि विक्रीस काढलेल्या सुमारे ८ हजार परवान्यांपैकी ७ हजारांहून अधिक एकट्या टी-मोबाइल कंपनीने ३० कोटी ४० लाख डॉलर्सना घेतले. ज्या राष्ट्रांना मुदतीत अर्ज करणे जमले नाही, त्यांच्या भूमीवरील लहरी आता दुसऱ्याच्या नावावर चढल्या आहेत. कंपनीने तेथे मनोरा उभारला तर उत्तमच. पण तो कोठे उभारावा, पवित्र मानलेले शिखर त्यातून वगळावे की नाही, वृद्धांना दर काय लावावा, शाळेला आधी जोडावे की हमरस्त्याला, हे सर्व ठरवण्याचा अधिकार त्या राष्ट्रांकडून गेला. ज्यांना सनद मिळाली त्यांच्या अडचणी संपलेल्या नाहीत. परंतु त्यांचे निर्णय, त्यातील चुकांसकट, त्यांचे स्वतःचे आहेत, आणि स्वतःच्या निर्णयातूनच समाज शहाणा व समर्थ होतो.

हा विषय मराठी वाचकाला परका वाटू नये. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली वनहक्क कायद्यान्वये आपल्या वनावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा ज्या तत्त्वाचा जय झाला तेच तत्त्व येथे लहरींना लागू होत आहे: जी साधनसंपत्ती एखाद्या समाजाच्या भूमीवर आहे, तिच्या विनियोगात पहिला शब्द त्या समाजाचा असावा. पुढील लेखांकात आपण भारतनेट योजनेकडे वळणार आहोत. ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत आलेला तंतू तेथून पाड्यापर्यंत जातो की नाही, हे तपासताना किती मैल तार पडली एवढेच विचारून वाचकांनी थांबू नये. त्या तारेवर पाड्याचा अधिकार किती, हाही प्रश्न आवर्जून विचारावा, कारण सेवा टिकणार की नाही याचा निकाल त्याच्याच उत्तरात आहे.