पाऊणशे लिटरांतील प्रवाळभित्ती

घरगुती सागरी जलजीवालयांचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. पहिल्यात केवळ मासे पाळले जातात. दुसऱ्यात प्रवाळ, समुद्रपुष्पे, शंख, कोळंबी अशा अपृष्ठवंशी प्राण्यांना प्राधान्य असते व मासे गौण ठरतात; यास रीफ टँक अथवा प्रवाळटाकी म्हणतात. पहिल्या प्रकारच्या लहान टाकीचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणे हा युरोप-अमेरिकेतील हौशी मंडळींचा परिचित उपक्रम आहे. या कामात पाणी आणि खडक आधी येतात, प्रवाळ सर्वांत शेवटी.

प्रवाळ हे आंतरगुही संघाच्या अँथोझोआ वर्गातील प्राणी होत. हौशी लोक सोयीसाठी त्यांचे तीन गट करतात : मऊ प्रवाळ, मोठ्या पॉलिपांचे कठीण प्रवाळ आणि लहान पॉलिपांचे कठीण प्रवाळ. ही विभागणी शास्त्रीय वर्गीकरणाशी काटेकोरपणे जुळत नाही. तथापि व्यवहारात ती उपयोगी पडते, कारण साधारणतः याच क्रमाने जोपासनेची अवघडता वाढत जाते. बहुतेक प्रवाळभित्ती-निर्मात्या जातींच्या ऊतींत झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवल राहते. ते प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देते. कठीण प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन आपला सांगाडा रचतात. प्रखर प्रकाश, अल्प पोषकद्रव्ये आणि स्थिर रसायन या प्रवाळटाकीच्या तिन्ही गरजा येथून निघतात.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली सार्वजनिक जलजीवालय उघडले, तरी उष्णकटिबंधीय प्रवाळ टाकीत टिकवण्याची रीत रुळण्यास शतकाहून अधिक काळ जावा लागला. दरम्यान सागरी मासे प्रवाळांच्या धुऊन पांढऱ्या केलेल्या सांगाड्यांमध्ये पोहत राहिले. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली ‘नैसर्गिक पद्धत’ प्रसिद्ध केली. समुद्रातील जिवंत खडक, समुद्राचे पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढाच तिचा सरंजाम होता. पुढे जर्मनीत जिवंत खडकाला फेस-विलगकाची, म्हणजे प्रोटीन स्किमरची, जोड मिळाली आणि ‘बर्लिन पद्धत’ रूढ झाली. तिच्या प्रसारात पीटर विल्केन्स यांचा वाटा मोठा आहे.

जिवंत खडक म्हणजे जीवाणू, शैवले व सूक्ष्म प्राणी वसलेला सच्छिद्र चुनखडक. माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे नायट्राइट व नंतर नायट्रेट करणारे जीवाणू त्याच्या पृष्ठभागावर राहतात. खोल, प्राणवायुविरहित छिद्रांतील जीवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. केवळ माशांच्या टाकीतील प्लॅस्टिक गोळ्यांचा गाळक पहिले काम उत्तम करतो, दुसरे मात्र करीत नाही. मासे बऱ्यापैकी नायट्रेट सोसतात, म्हणून तेथे ते खपते. रूपांतरात खडक रुजल्यावर या गोळ्या थोड्याथोड्या काढाव्यात. एकदम काढल्यास अमोनिया वाढून मासे दगावू शकतात.

जुन्या टाकीचा औषधोपचारांचा इतिहास तपासणे अगत्याचे आहे. माशांवरील पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याची संयुगे वापरतात. अपृष्ठवंशी प्राण्यांना ती घातक असतात. शिवाय चुनखडीयुक्त वाळू व खडक तांबे शोषून घेतात आणि ते पुढे पाण्यात उतरू शकते. असा उपचार झालेला असेल तर वाळू व खडक बदललेले बरे. काटकसरीची ही जागा नव्हे. रहिवाशांचीही निवड करावी लागते. ट्रिगर मासे आणि फुलपाखरू माशांच्या अनेक जाती प्रवाळ कुरतडतात, त्यांना दुसरे घर शोधावे. विदूषक मासा व छोटे गोबी चालतात.

लहान टाकी स्वस्त म्हणून नवशिक्याला सुचवली जाते, परंतु प्रवाळांच्या बाबतीत तीच अधिक कठीण. बाष्पीभवनात पाणी उडते, मीठ मागे राहते. ७५ लिटरांतून दोन लिटर पाणी उडाले, की दर हजारी ३५ असलेली लवणता ३६ च्या जवळ पोहोचते. म्हणून रोज शुद्ध केलेले गोडे पाणी घालून पातळी राखावी. तापमान २५ अंश सेल्सियसच्या आसपास, कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम व नायट्रेट अत्यल्प असावे. कॅल्शियम आणि अल्कता भरून काढण्याचा जुना व अजूनही भरवशाचा उपाय म्हणजे चुन्याची निवळी. तिचा प्रसारही विल्केन्स यांनीच केला. पानाला लावतात तो चुना आणि हे द्रव्य रासायनिकदृष्ट्या एकच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. टाकीसाठी मात्र ते शुद्ध लागते. निवळी तीव्र अल्कधर्मी असल्याने थेंबथेंबच सोडावी.

प्रकाशासाठी आता निळ्या छटेचे एलईडी दिवे सर्रास वापरतात. त्यांची तीव्रता हळूहळू वाढवावी. एकाएकी प्रखर प्रकाश पडल्यास प्रवाळ शैवल गमावून पांढरे पडतात. पाणी स्थिरावल्यावर डिस्कोसोमा, सार्कोफायटन यांसारखे मऊ प्रवाळ आणावेत, त्यानंतर मोठ्या पॉलिपांचा युफिलिया, लहान पॉलिपांचा अ‍ॅक्रोपोरा शेवटी. झोअँथिड नावाचे प्रवाळसदृश प्राणी आकर्षक दिसतात, परंतु त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. ते हाताळताना हातमोजे व चष्मा घालावा आणि ते बसलेला खडक कधीही उकळू नये, कारण वाफेतूनही विषबाधा झाली आहे.

या विद्येचा उपयोग दिवाणखान्यापुरता नाही. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने ऋतूंनुसार बदलणारे तापमान व चंद्रप्रकाश यांचे अनुकरण करून टाकीत प्रवाळांचे प्रजनन घडवले. याच संग्रहालयाच्या सहकार्याने २०१९ मध्ये फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियममध्ये अटलांटिकमधील स्तंभ-प्रवाळाचे प्रजनन झाले.

महाराष्ट्राला प्रवाळ परके नाहीत. मालवणच्या किनाऱ्यालगत ते आहेत आणि विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरवर आंग्रिया बँक ही बुडालेली प्रवाळभित्ती आहे. परंतु २००१ पासून भारतात सर्व भित्तीनिर्माते कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ व समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते समुद्रातून काढणे वा विकणे हा गुन्हा आहे, मग तुकडा कितीही लहान असो. कठीण प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही साइट्स कराराचे नियंत्रण असल्याने परदेशातील मराठी हौशींनी टाकीतच वाढवलेल्या वसाहतींचे तुकडे घेणे श्रेयस्कर, आणि भारतात परतताना ते सामानात आणू नयेत.