औद्योगिक धूरवायूतील पाऱ्याचे सक्रियित कार्बनद्वारे ग्रहण : गणिती प्रतिमान आणि महाराष्ट्राचा संदर्भ

प्रस्तावना

दगडी कोळशात पारा अत्यल्प असतो. परंतु औष्णिक वीजकेंद्रात रोज हजारो टन कोळसा जळत असल्याने धुराड्यावाटे बाहेर पडणारा पारा नगण्य राहत नाही. जलाशयात पोहोचलेल्या पाऱ्यापासून जीवाणू मिथिल पारा तयार करतात व तो माशांवाटे मानवी शरीरात शिरतो. डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने धूरवायूतील पाऱ्याची मर्यादा प्रति घनमीटर ०.०३ मिलिग्रॅम ठरविली. पाराविषयक मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली.

प्रतिमानाची मांडणी

सक्रियित कार्बनची बारीक भुकटी धूरवायूत फवारली असता पारा कणांच्या पृष्ठभागावर धरला जातो. यास अधिशोषण म्हणतात. प्रतिमानात तीन टप्पे मानतात : वायूतून कणापर्यंत विसरण, कणाच्या छिद्रांतील विसरण आणि पृष्ठभागावरील बंधन. शेवटच्या टप्प्यासाठी लँगम्यूर यांचे १९१८ चे समीकरण वापरले जाते. पाऱ्याची संहती अत्यल्प असल्याने येथे ते जवळजवळ सरळ रेषेचे रूप घेते.

उदाहरणार्थ, प्रति घनमीटर वायूत १० मायक्रोग्रॅम पारा व १०० मिलिग्रॅम कार्बन असल्यास, सर्व पारा धरला गेला तरी प्रत्येक ग्रॅम कार्बनवर केवळ १०० मायक्रोग्रॅम पारा येतो. प्रयोगशाळेत अनेक कार्बनांची क्षमता याहून बरीच अधिक आढळते. म्हणजे अडचण बहुधा क्षमतेची नसून वेळेची असते. धूरनलिकेत कणाला एकदोन सेकंदच मिळतात. कणाचा व्यास निम्मा केल्यास, वायूतून कणापर्यंतचे विसरण नियंत्रक असताना, तितक्याच वजनाच्या कार्बनचा ग्रहणवेग सुमारे चौपट होतो. कापडी गाळणीवर भुकटीचा थर साचून हा अवधी पुष्कळ वाढतो; विद्युत धूळसंग्राहकात तो लाभ अल्प असतो.

महाराष्ट्राचा संदर्भ

चंद्रपूर येथील २,९२० मेगावॅट क्षमतेच्या केंद्रासारख्या ठिकाणी परदेशी आकडे जसेच्या तसे लागू करणे धोक्याचे ठरेल. भारतीय कोळशात राख पुष्कळ व क्लोरीन कमी असते. क्लोरीन कमी असल्यास पारा मूलद्रव्यरूपातच राहतो व साध्या कार्बनवर घट्ट बसत नाही. शिवाय तापमान वाढताच भौतिक अधिशोषण घटते. ब्रोमीनयुक्त कार्बनवर मात्र रासायनिक बंध निर्माण होतो.

कोकणात विपुल मिळणाऱ्या नारळाच्या करवंटीपासून उत्तम सक्रियित कार्बन बनतो. तथापि केवळ पृष्ठफळ मोठे असणे येथे पुरेसे नाही. तसेच कार्बन मिसळलेली राख काँक्रीटसाठी कमी उपयुक्त ठरते. म्हणून राख वेगळी केल्यानंतर कार्बन फवारून तो स्वतंत्र गाळणीवर धरणे श्रेयस्कर असते.

निष्कर्ष

प्रतिमान मोजमापाची जागा घेऊ शकत नाही. स्थानिक कोळशातील पारा व क्लोरीन, वायूचे तापमान आणि संपर्काचा अवधी प्रथम मोजूनच कार्बनचा प्रकार व मात्रा ठरविणे आवश्यक आहे. अन्यथा खर्च वाढेल आणि पारा मात्र हवेतच जात राहील.