१५७२ सालचं दीव, तांब्याच्या पत्र्यावरून

जर्मनीतल्या कोलोन शहरात १५७२ साली जगातल्या नगरांच्या चित्रांचा एक भव्य ग्रंथ निघाला. संपादक गेऑर्ग ब्राउन, मुख्य कोरक्या फ्रान्स होगेनबर्ग. त्याच्या पहिल्याच खंडात, एकाच पानावर चार किनारी शहरं आहेत: मोरोक्कोतली आन्फा (आजचं कासाब्लांका) आणि अझेमूर, शिवाय आपल्या किनाऱ्यावरचं दीव आणि गोवा!

मला सगळ्यात आवडतं ते दीव. पोर्तुगीजांनी १५३५ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाकडून परवानगी मिळवून तिथे किल्ला बांधायला घेतला. १५३८ आणि १५४६ असे दोन मोठे वेढे त्याने झेलले, त्यामुळे युरोपभर या बंदराचं नाव गाजत होतं. होगेनबर्ग हिंदुस्थानात कधीच आला नाही, तरी हे दृश्य कोरलं गेलं.

पद्धत तर बघा! तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्याराने सगळं उलटं कोरायचं, अक्षरंसुद्धा. मग खाचांत शाई भरायची, पृष्ठभाग लख्ख पुसायचा आणि ओलसर कागद दाबयंत्रातून काढायचा. रंग नंतर हाताने. जुनी प्रत पाहायला मिळाली तर पान उलटून जरूर बघा, मागे त्या शहरांची माहिती छापलेली असते.