काचपेटीतील ओढ्याचे मासे

पहिल्या पावसाने ओढे वाहू लागले, की गावची मुले फडके घेऊन पाण्यात उतरतात व दोन-चार मासे बाटलीत घालून घरी आणतात. ते मासे बहुधा दुसऱ्या दिवशी मरतात. मग घरातील मोठी माणसे, मासा घरात जगत नाही, असे म्हणून विषय संपवितात. वस्तुतः दोष माशाचा नसून पाण्याचा असतो. थोडी माहिती व नियमितपणा असल्यास आपल्या ओढ्यातील लहान मासे काचेच्या पेटीत दीर्घकाळ उत्तम राहतात. शहरातील दुकानांतून मिळणारा गोल्डफिश मूळचा चीनचा आणि गप्पी दक्षिण अमेरिकेचा. आपल्या शिवारातील मासे मात्र आपल्यालाच अपरिचित राहिले आहेत.

एके काळी तसे नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा ‘मल्या’, ‘शिंगटी’ ही येथील लोकांच्या तोंडची नावेच त्यांनी शास्त्रीय नावांत घेतली. ती आजही जगभर चालतात.

पेटी व जागा

पेटी ९० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर उंच असावी. तीत सुमारे १०० लिटर पाणी मावते. म्हणजेच नुसत्या पाण्याचे वजन १०० किलोच्या आसपास होते. म्हणून पेटी भक्कम व समपातळीच्या ओट्यावर ठेवावी. थेट ऊन लागणारी जागा टाळावी. उन्हाने पाणी तापते, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि शेवाळही माजते. तळाशी स्वच्छ धुतलेली जाड वाळू व ओढ्यातील काही गोटे घालावेत. पेटीवर जाळीचे झाकण अवश्य असावे, कारण अनेक मासे उडी मारून बाहेर पडतात.

पाणी का बिघडते?

विहिरीचे स्वच्छ पाणी चालते. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर घातलेली असल्यास ते उघड्या भांड्यात किमान एक दिवस ठेवून मगच वापरावे.

माशांच्या विसर्जनातून व उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांस विषासारखा आहे. शेतकरी बंधूंना हा विषय नवा नाही. जमिनीत युरिया घातल्यावर त्यापासून अमोनिया व अमोनियापासून पुढे नायट्रेट बनते, ते जमिनीतील सूक्ष्म जीवाणूंमुळे. तशाच प्रकारचे जीवाणू पेटीतील वाळूवर व गोट्यांवर वाढतात आणि पाणी निर्विष करतात. परंतु त्यांची वाढ होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोनच लहान मासे ठेवावेत व पुढे हळूहळू संख्या वाढवावी. नव्या पेटीत पहिल्याच दिवशी दहा मासे सोडणे हेच त्यांच्या मृत्यूचे मुख्य कारण होय.

दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. सर्व पाणी एकदम बदलू नये. वाळू व गोटे नळाच्या पाण्याने घासून धुऊ नयेत, नाहीतर उपयुक्त जीवाणू नष्ट होतात. काढलेले पाणी परसातील भाजीपाल्यास द्यावे. त्यातील नायट्रेट पिकाच्या उपयोगी पडते.

मासे कोणते व किती?

शेपटीच्या बुंध्याजवळ काळा ठिपका असलेले लहान रुपेरी मासे आरंभास उत्तम. ते थव्याने राहतात, म्हणून पेटी तयार झाल्यावर पाच-सहा एकत्र ठेवावेत. कोकणातील संथ पाण्यात आढळणारा, कपाळावर चमकता ठिपका असलेला पिकू पृष्ठभागाजवळ राहून डासांच्या अळ्या खातो. मल्या तळाशी गोट्यांना चिकटून शेवाळ खरवडतो. त्यास वाहते पाणी मानवते, म्हणून हवेचा पंप असेल तरच तो ठेवावा. मरळ व शिंगटी मात्र ठेवू नयेत. मरळ बरोबरच्या माशांना गिळते आणि शिंगटीचा काटा हातास लागतो.

खाद्य पाच मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. गांडुळाचे बारीक तुकडे, डासांच्या अळ्या, अथवा भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा चिमूटभर चालतो.

मासे केव्हा धरावेत?

आरंभी सांगितलेली मुलांची वेळ नेमकी चुकीची आहे. पावसाच्या आरंभी प्रवाहाविरुद्ध वर जाणारे चढणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात. त्यांतील एक मादी धरली, तर पुढची शेकडो पिले गेली. त्याऐवजी हिवाळा संपताना आटत चाललेल्या डबक्यांतून मोजके मासे घ्यावेत. ते एरवीही पाण्याअभावी मेलेच असते. अभयारण्यातील, तसेच महाडजवळील वाळण कोंडासारख्या देवाच्या डोहांतील माशांस हात लावू नये.

परक्या पाण्यातील मासा

सर्वांत महत्त्वाचा नियम शेवटी सांगतो. पेटीतील मासा पुन्हा कोणत्याही नदी-तलावात सोडू नये.

अमेरिकेतही काही हौशी लोक सनफिश नावाचे तेथील देशी मासे घरी पाळतात. त्यांचा नर शेपटीने तळ झाडून वाटीसारखा खळगा करतो व त्यात अंड्यांची राखण करतो. आपल्या मूळ पाण्यात हे मासे शोभतात. त्यांपैकी ब्लूगिल हा मासा १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी जपानचे तत्कालीन युवराज अकिहितो यांस भेट दिला. खाण्यासाठी वाढवावा, या सद्धेतूने तो तेथील मत्स्यखात्याकडे देण्यात आला. पुढे तो बिवा सरोवरात पसरला व देशी माशांची अंडी-पिले खाऊ लागला. २००७ मध्ये सम्राट अकिहितो यांनी याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. परंतु पाण्यात पसरलेला मासा खेदाने परत येत नाही.

आपला अनुभव निराळा नाही. मूळचा आफ्रिकेतील तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. आज उजनीच्या जलाशयात तोच ‘चिलापी’ या नावाने मच्छीमारांच्या जाळ्यात नित्य सापडतो. शेवाळ खातो म्हणून पेटीसाठी विकला जाणारा सकर मासाही लोकांनी बाहेर सोडल्यामुळे देशातील अनेक तळ्यांत व नद्यांत शिरला आहे. एका खोऱ्यातील देशी मासादेखील दुसऱ्या खोऱ्यात परकाच असतो, आणि पेटीतील रोग त्याच्याबरोबर जाऊ शकतो. म्हणून पेटी मोडावयाची झाल्यास मासे दुसऱ्या पाळणाऱ्यास अथवा शाळेस द्यावेत. मेलेला मासा खताच्या खड्ड्यात पुरावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम गावच्या शाळेत अशी एक पेटी ठेवावी. गावातील जुन्याजाणत्या मच्छीमारांस बोलावून प्रत्येक माशाचे स्थानिक नाव विचारून पेटीजवळ लिहून लावावे. ज्या मुलास आपल्या ओढ्यातील मासा नावाने ओळखता येतो, ते मूल मोठेपणी त्या ओढ्यात विष टाकू देणार नाही.