जावामधला 'ब्रेक' जाऊन 'यील्ड' कसा आला?

जावावाल्यांनो, '--एनेबल-प्रीव्ह्यू' हा पर्याय कधी चालू करून पाहिलाय का? माझ्या ओळखीत तरी फार थोड्यांनी पाहिलाय.

जावात भाषेची मोठी नवी सोय बहुतेक वेळा आधी 'प्रीव्ह्यू' म्हणून येते आणि हा पर्याय चालू केल्यावरच वापरता येते. काम पूर्ण झालेलं, फक्त शिक्कामोर्तब बाकी. मार्च २०१९ मध्ये जावा १२ सोबत 'स्विच'मधून थेट व्हॅल्यू मिळवण्याची सोय अशीच आली. तेव्हा ब्लॉकमध्ये लिहायचं 'ब्रेक १०;'. आता ब्रेक म्हणजे बाहेर पडा, हे आपल्या बोटांत मुरलेलं. त्याच शब्दानं व्हॅल्यूही द्यायची म्हटल्यावर वाचणारा चक्रावणारच! लोकांनी तसं कळवलं आणि सहाच महिन्यांत, जावा १३ मध्ये, तिथे 'यील्ड' आला. मार्च २०२० मध्ये जावा १४ सोबत तो कायम झाला.

स्ट्रिंगमध्येच व्हॅल्यू गुंफू देणाऱ्या स्ट्रिंग टेम्प्लेट्सचं नशीब वेगळं. जावा २१ आणि २२ मध्ये दोनदा प्रीव्ह्यू, आणि २३ मध्ये थेट गच्छंती. आराखडाच पटेना. मला स्वतःला ती हवी होती, तरी निर्णय योग्यच वाटतो. एकदा पक्की झालेली सोय मागे घेणं म्हणजे जुने प्रोग्राम मोडणं.

मात्र प्रीव्ह्यू वापरून कंपाइल केलेला कोड फक्त त्याच आवृत्तीवर चालतो. त्यामुळे ऑफिसच्या प्रोजेक्टात नको, रविवारी घरी करून बघा. आणि कळवताना नुसतं 'आवडलं नाही' लिहू नका. काय लिहायला गेलात आणि कुठे अडलात, तो दहा ओळींचा कोड जोडा.