जुन्या संगणकाचे नवे बिऱ्हाड

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा आधार काढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुठलाही संगणक बंद पडला नाही. झेरॉक्सच्या दुकानातला, पतसंस्थेच्या काउंटरवरचा, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावरचा, सगळे नेहमीसारखेच सुरू झाले. थांबले ते एवढेच, की विंडोजमध्ये सापडणारी सुरक्षेची नवी भगदाडे बुजवणारी मोफत अपडेट्स येईनाशी झाली. रीतसर नोंदणी करणाऱ्यांना आणखी एक वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, मुदत मायक्रोसॉफ्टने ठेवली.

‘मग विंडोज ११ घ्या की,’ असे म्हणणे सोपे आहे. पण विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल, तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. २०१७ साली चांगले पैसे मोजून घेतलेला, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह आणि आठ जीबी रॅम असलेला लॅपटॉप या नियमात बसत नाही. त्याचा कीबोर्ड धड आहे, स्क्रीन धड आहे, व्हिडिओ विनातक्रार चालतात. कागदावर मात्र तो बाद.

अशा बाद ठरलेल्या संगणकांसाठी लिनक्सवाल्यांनी दार उघडून ठेवले आहे. डब्लिनच्या झोरिन ओएसने आपली अठरावी आवृत्ती मुहूर्त साधून त्याच १४ ऑक्टोबरला काढली. महिन्याभरात ती दहा लाखांच्या आसपास वेळा डाउनलोड झाली आणि त्यातले तीन-चतुर्थांशाहून जास्त डाउनलोड विंडोजच्या संगणकांवरून झाले, असे झोरिनने जाहीर केले. केडीईसारख्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांनी मिळून ‘एंड ऑफ टेन’ नावाची मोहीम चालवली. लिनक्स बसवून देणारे स्वयंसेवक आणि दुरुस्तीची दुकाने लोकांना शोधून देणे हे तिचे मुख्य काम.

लिनक्स म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगायचे तर असे: १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्‌सने संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सगळ्यांसाठी खुला केला. त्या गाभ्याभोवती खिडक्या, मेनू, ब्राउझर, ऑफिस वगैरे बांधून वेगवेगळ्या गटांनी तयार संच केले, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट ही त्यातली ठळक नावे.

गेल्या काही वर्षांत लिनक्स सुधारले हे खरे. पण सामान्य माणसाच्या दृष्टीने त्याहून मोठा बदल लिनक्सच्या बाहेर झाला आहे. रेल्वेचे तिकीट, बँकेचा व्यवहार, विजेचे बिल, सातबाऱ्याचा उतारा, मुलांचे ऑनलाइन वर्ग ही सगळी कामे आता ब्राउझरमध्ये होतात. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही लिनक्सवर तसेच्या तसे चालतात. ज्याचा दिवसातला बहुतेक वेळ ब्राउझरमध्येच जातो, त्याला खालची प्रणाली कोणती आहे याने फारसा फरक पडत नाही.

पण दिवसभराची सगळीच कामे ब्राउझरमध्ये होत नाहीत, आणि लिनक्सचे उत्साही समर्थक नेमके हेच सांगायला विसरतात. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेले आहे. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप लिनक्सवर थेट चालत नाहीत. डिजिटल सहीचे यूएसबी टोकन लिनक्सवर ओळखले जाईलच असे नाही. एक्सेलमधल्या मॅक्रोंवर ज्या हिशेबनिसाचे सगळे काम उभे आहे, त्याची शीट लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-संचात उघडेल, पण मॅक्रो अडखळू शकतात. सीए, डीटीपी ऑपरेटर आणि फ्लेक्सवाले यांनी सध्या विंडोजवरच राहावे, हा प्रामाणिक सल्ला. खेळांचे चित्र मात्र पालटले आहे. व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ साली प्रोटॉन हे साधन आणले आणि विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ लिनक्सवर चालू लागले. फक्त फसवणूक रोखण्यासाठी कडक यंत्रणा बसवलेले व्हॅलोरंटसारखे काही ऑनलाइन खेळ अजून दाराबाहेरच आहेत.

फुकटचे म्हणजे हलके, या समजुतीला मात्र आता आधार उरलेला नाही. २०२५ साली सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवणारा ‘फ्लो’ हा लॅटव्हियाचा चित्रपट ब्लेंडर या मुक्त सॉफ्टवेअरवर तयार झाला. छायाचित्रांवर काम करणाऱ्या गिम्पची ३.० ही आवृत्ती बऱ्याच वर्षांच्या प्रतीक्षेनंतर मार्च २०२५ मध्ये आली. तिच्यात लावलेला फिल्टर नंतर काढता किंवा बदलता येतो, मूळ चित्र तसेच राहते. छापखान्याला लागणाऱ्या सीएमवायके रंगांच्या बाबतीत गिम्प अजून कच्चे आहे. ते काम क्रिता हे दुसरे मुक्त सॉफ्टवेअर जास्त बरे करते.

बिऱ्हाड हलवताना कसलेले लोक एकाच दिवशी सगळे सामान टेम्पोत भरत नाहीत. संगणकाचेही तसेच करावे: आधी प्रोग्राम बदलावेत, मग प्रणाली. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, थंडरबर्ड, व्हीएलसी, गिम्प ही सगळी मुक्त सॉफ्टवेअर विंडोजवरही चालतात. महिना-दोन महिने विंडोजवर राहूनच ती वापरावीत. कुठे अडते, कोणती फाइल बिघडते, कशाची सवय होत नाही, हे तेव्हाच कळते. सगळे रुळले की मग खालची प्रणाली बदलणे ही एका संध्याकाळची गोष्ट आहे.

जर्मनीतली दोन उदाहरणे या संदर्भात पाहण्यासारखी आहेत. म्युनिक शहराने २००४ साली पालिकेचे संगणक लिनक्सवर नेण्याचे काम हाती घेतले. २०१३पर्यंत सुमारे १५,००० संगणकांवर ‘लिमक्स’ हे शहराचे स्वतःचे लिनक्स बसले, देशोदेशीची शिष्टमंडळे ते पाहायला आली आणि २०१७ साली नगरपरिषदेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. कारणांवर आजही वाद होतात. राजकारण होतेच, पण काही खात्यांची विंडोजवरच चालणारी खास सॉफ्टवेअर शेवटपर्यंत सुटली नाहीत हेही खरे. उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने आता वेगळा क्रम धरला आहे. एप्रिल २०२४ मध्ये सरकारने सुमारे ३०,००० संगणकांवर मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस आणायचे ठरवले. त्यानंतर ईमेलची पाळी आली आणि ऑक्टोबर २०२५पर्यंत ४०,०००हून जास्त मेलबॉक्स ओपन-एक्सचेंज आणि थंडरबर्डवर हलवून झाले. विंडोज काढून लिनक्स बसवण्याचा टप्पा त्यांनी मागे ठेवला आहे. आपल्याकडे केरळने सरकारी शाळांतून जवळजवळ दोन दशके लिनक्स चालवून दाखवले आहे, पण तिथे मुले पहिल्यापासून त्यावरच शिकली, जुनी सवय मोडायचा प्रश्नच आला नाही.

घरच्या संगणकासाठी कोणते लिनक्स घ्यावे? या प्रश्नावर लिनक्सवाले रात्रभर भांडू शकतात. विंडोजवरून येणाऱ्याने लिनक्स मिंट घ्यावे आणि भांडण मिटवावे. डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ, सगळे ओळखीचे आहे. मिंटच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत. आठ जीबी रॅम असेल तर सिनॅमन ही आवृत्ती घ्यावी, चार जीबी असेल तर हलकी एक्सएफसीई. त्याहून जुन्या, ३२ बिटवाल्या संगणकांचे मात्र दिवस भरले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ने अशा यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोयच काढून टाकली आहे.

बसवण्याआधी चालवून बघता येते, ही लिनक्सची सर्वांत मोठी सोय. मिंटची आयएसओ, म्हणजे बसवण्याची, फाइल उतरवावी, विंडोजवर रुफस किंवा एचर हे छोटे सॉफ्टवेअर घेऊन ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी. पेनड्राइव्ह त्यात पूर्ण पुसला जातो, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला नको. संगणक सुरू होताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप, ज्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून पेनड्राइव्ह निवडला, की लिनक्स थेट त्यावरून चालू होते. हार्ड डिस्कला हातही लागत नाही. इथे घाई करू नये. वायफाय जोडून पाहावे, आवाज ऐकावा, कॅमेरा उघडावा, प्रिंटरवर एक पान छापावे, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का बघावे. एचपीचे बहुतेक प्रिंटर लगेच चालतात, कारण त्यांचा लिनक्स ड्रायव्हर कंपनी स्वतः देते. काही जुनी ब्रॉडकॉम वायफाय कार्डे त्रास देतात. तेव्हा फोन यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट घ्यावे आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरला ड्रायव्हर शोधायला सांगावे.

सगळे पटले, तरी फोटो आणि कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढल्याशिवाय ‘इन्स्टॉल’ दाबू नये. विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी ठेवायचे असतील तर आणखी दोन पथ्ये आहेत. पहिले, बिटलॉकर हे विंडोजचे डिस्कला लावलेले कुलूप चालू असेल तर त्याची रिकव्हरी-की आधी लिहून ठेवावी. दुसरे, विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करावे. नाहीतर विंडोज डिस्कवरचा हक्क पूर्ण सोडत नाही आणि लिनक्समधून तिथल्या फाइली नुसत्या वाचता येतात, बदलता येत नाहीत. एक गंमतही होते: लिनक्स वापरून विंडोजमध्ये परतले की घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसते. संगणकातल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ भरते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, एवढेच कारण. बॅटरी बदलायला धावू नये, लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितले की काम भागते.

आणि फिरती हार्ड डिस्क असेल तर काढून एसएसडी बसवावी. जुन्या लॅपटॉपवरचा हा सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे, प्रणाली कोणतीही असो.

लिनक्सच्या पडद्यामागेही सध्या मोठी उलथापालथ चालू आहे. खिडक्या दाखवण्याचे काम १९८४ साली एमआयटीत जन्मलेली ‘एक्स’ यंत्रणा करत आली. तिची जागा वेलँड घेत आहे. केडीईच्या प्लाझ्मा ६ या डेस्कटॉपने फेब्रुवारी २०२४ मध्ये वेलँडला पहिली पसंती दिली आणि ऑक्टोबर २०२५च्या उबुंटू २५.१०मध्ये ग्नोम या डेस्कटॉपचा ‘एक्स’वाला पर्याय उरलाच नाही. एक प्रोग्राम दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू शकत नाही, हा वेलँडचा फायदा. दुरून दुसऱ्याचा संगणक चालवणारी काही साधने त्यावर अडखळतात, हा तोटा. मिंट या बाबतीत सावकाश चालले आहे, आणि नवशिक्याच्या ते पथ्यावरच पडते.

‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हे वाक्य मात्र कुणी छातीठोकपणे सांगितले, तर विश्वास ठेवू नये. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात लॉग-इन होताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला. तो खोलात गेला, तेव्हा एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या साधनात कुणीतरी धीराने, दोनेक वर्षे विश्वास कमावून, चोरदरवाजा बसवल्याचे उघड झाले. संहिता खुली असल्यामुळे तो शोधता आला. पण कुणीतरी पाहत होता म्हणून तो सापडला हेही खरे, आणि फ्रॉइंड नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्ये! घरच्या वापरासाठी यातून निघणारी पथ्ये साधी आहेत. सॉफ्टवेअर डिस्ट्रोच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्यावे, अपडेट टाळू नये, आणि टाइमशिफ्ट हे मिंटसोबत येणारे साधन चालू ठेवावे. अपडेटने काही बिघडलेच, तर ते प्रणालीला आधीच्या दिवसावर नेऊन ठेवते. मात्र ते कागदपत्रांची प्रत ठेवत नाही, ती वेगळीच काढावी लागते.

आता मराठीचे. यासाठी लिनक्सवर विकत काहीच घ्यावे लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट वाढवताना मराठीचा इनस्क्रिप्ट आणि ध्वनीवर आधारलेला कागापा, असे दोन्ही मिळतात. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून एन दाबले की ळ, शिफ्ट धरून जे दाबले की ‘ऱ्हास’ आणि ‘दऱ्या’मधला ऱ. रोमन अक्षरांत लिहून देवनागरी उमटवायची सवय असेल, तर आयबस आणि त्याचे एम-१७-एन हे पॅकेज बसवावे. जोडाक्षरे नीट जुळतात, कारण ते काम करणारे हार्फबझ हे मुक्त सॉफ्टवेअर फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि अँड्रॉइड फोन यांत एकच आहे. टंकांची वानवा नाही: लोहित आहे, नोटो आहे, मुंबईच्या एक टाइपने काढलेला देखणा मुक्ता आहे.

लिब्रेऑफिसमध्ये मराठी लिहिणाऱ्याला एक गोष्ट हमखास बुचकळ्यात टाकते. नेहमीचा टंक म्हणून काहीही निवडले, तरी मराठी मजकूर भलत्याच टंकात उमटतो. लिब्रेऑफिस देवनागरीसाठी वेगळा टंक लक्षात ठेवते, म्हणून हे होते. ऑप्शन्समध्ये रायटरच्या खाली ‘बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)’ असे पान आहे, तिथे एकदा मुक्ता निवडला की प्रश्न संपतो. दुसऱ्याच्या वर्ड फाइलची पाने हलतात, त्यामागेही बहुधा टंकच असतो. कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो आणि टाइम्स न्यू रोमनच्या मापाचा लिबरेशन सेरिफ बसवले, की ओळी बऱ्याच अंशी जागच्या जागी राहतात. कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या टंकांतल्या फाइली मात्र टंक नसेल तर अगम्य दिसणार, त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात.

मराठी लिहिण्याची सोय पूर्ण झाली असली, तरी मराठी मेनूंची झालेली नाही. भाषा मराठी निवडल्यावर काही शब्द मराठीत, काही इंग्रजीत, अशी सरमिसळ आजही अनेक ठिकाणी दिसते. हे भाषांतर कुठली कंपनी पगार देऊन करून घेत नाही, वापरणारेच करतात. लिब्रेऑफिसचे वेब्लेट आणि मिंटसाठी लाँचपॅड या ठिकाणी खाते उघडून कुणालाही एकेक वाक्य मराठीत आणता येते. प्रोग्रामिंग यावे लागत नाही. चांगले मराठी येणाऱ्या शिक्षकांनी, निवृत्त मंडळींनी आणि परगावी राहणाऱ्या मराठी माणसांनी आठवड्यातला एखादा तास या कामाला जरूर द्यावा.